मागच्या खोलीतला ओटा

अगं ऐक तर, आणि मधे बोलू नकोस. तुला सवय आहे निम्म्यातच शेवट ओळखायची. हरिताचं सांगतेय. तीच गं, केक करणारी, लग्न होऊन तंजावूरला गेलेली.

तर तिचं लग्न ठरलं तेव्हा घरात केवढा आनंद! मुलगा तमिळनाडूतला, पण अस्सल मराठी. राजांच्या काळात तिकडे गेलेलं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच. हरिताची आत्या तर मांडवात सगळ्यांना सांगत सुटली, "इतक्या लांब देतोय खरी, पण भाषेचा तरी प्रश्न नाही हो!"

भाषेचा प्रश्न नाही म्हणे! सासूबाईंनी पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि हरिताला वाटलं, कुणी जुनं पत्र वाचून दाखवतंय आणि तेही तमिळ हेलात. मला नाही, "मज". तुला नाही, "तुज". सगळं म्हणजे "अस्की". कळायचं सगळं, अगदी शब्दन्‌शब्द. पण आपलं माणूस बोलतंय असं काही वाटायचं नाही. त्यात सासूबाईंना देवनागरी वाचता येत नाही. सामानाची यादी तमिळ अक्षरांत. हरिताने हौसेने फ्रिजवर चिठ्ठी लावावी, "अम्मा, मी बाजारात जाऊन येते", आणि अम्मांनी ती दुधवाल्याचा हिशेब समजून तशीच ठेवावी.

घरात माणसं दोनच. नवरा, रघुराम, जहाजावर इंजिनियर, सहा-सहा महिने समुद्रावर. सासरे कधीच गेलेले. राजमअम्मा आणि हरिता, राजवाड्याच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं घर, संपलं.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण सगळं तिच्यावर आहे. राजमअम्मांची मडी. म्हणजे आपलं सोवळं गं. सकाळी साडेपाचला अंघोळ, धुतलेलं नऊवारी, आणि मग स्वयंपाक होऊन देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकायचं नाही. दहाच्या सुमारास त्या बाहेर येणार आणि म्हणणार, "ये गं कण्णा, जेव." कण्णा म्हणजे बाळा, लाडाने. पहिल्याच आठवड्यात हरिता सकाळी सातला कॉफीसाठी रिकामा कप घेऊन झोपाळलेली तशीच आत शिरली. अम्मा काही बोलल्या नाहीत. उकळता भात उतरवला, मागच्या दाराने दुधवाल्याला देऊन टाकला, पुन्हा अंघोळ केली, पुन्हा तांदूळ धुतले. हरिता म्हणते, "शिव्या घातल्या असत्या ना, तर परवडलं असतं."

तेव्हापासून ती सकाळची उंबऱ्याबाहेर. आतून फोडणीचा आवाज, कुकरची शिट्टी, अम्मांचं पुटपुटणं. दारातून एवढंच दिसायचं की शेगडीपुढे लाकडी पाट आहे आणि त्या पाटावर अम्मांच्या टाचा. बाई चार फूट दहा इंच, आणि ओटा कुणा उंच माणसासाठी बांधलेला. जन्मभर पाटावर उभं राहून स्वयंपाक!

आणि हरिताचा ओव्हन कुठे? बेडरूममध्ये, ड्रेसिंग टेबलावर! हसू नकोस. छोटा ओव्हन, आरशासमोर. टिकल्यांच्या पाकिटांशेजारी बेकिंग पावडर. मेडिकल कॉलेजातली मुलं, डॉक्टरांच्या बायका, एका शाळेचा स्टाफ, अशा ऑर्डरी मिळवल्यान् तिने. अंड्याचे केक, बिनअंड्याचे केक, सगळे त्या आरशासमोर. उशीच्या अभ्र्याला व्हॅनिलाचा वास. दुपारी कॉफीबरोबर एखादा बन अम्मांपुढे ठेवला तर त्या खायच्या, अगदी आवडीने, "फार मऊ गं" म्हणायच्या. म्हणजे खायला हरकत नाही, बरं का. सकाळचं तेवढं देवाचं.

तर अशी दोन वर्षं गेली. मग वल्लमच्या रस्त्यावर त्यांचं नवं घर उभं राहिलं, आणि रघुरामने जहाजावरून बसल्या बसल्या हरितासाठी दोन ओव्हन मागवले. एक मोठा, भाजायचा, आणि एक छोटा, वाफेवरचा. दोन्ही भिंतीतल्या कपाटात बसवायचे, काचेच्या दाराचे. खोकी येऊन हॉलमध्ये उभी राहिली, माणसाएवढी. अम्मांनी त्यांच्यावर पेपर पसरून कढीपत्ता वाळत घातला.

हरिताने काय काय ठरवलं होतं माहितेय? नव्या घरातलं स्वयंपाकघर चौदा बाय अकरा. तिच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. पूर्वेला अम्मांची शेगडी, समोरच्या भिंतीत आपले ओव्हन, मधे पाच फूट जागा. अम्मा भाजी चिरतायत, आपण पीठ मळतोय, अम्मा विचारतायत "काय गं, त्या डॉक्टरणीचा केक झाला का", आपण म्हणतोय "अम्मा, जरा चाखून बघा ना". बस्स. एवढंच. दोन वर्षं बाई आरशात स्वतःचं तोंड बघत क्रीम फेटत होती, तिला पाठीमागे कुणीतरी हवं होतं.

मग एके दिवशी मणी आला. मणी म्हणजे स्वयंपाकघराची कपाटं करणारा, तिथला एकदम नावाजलेला. हातात टेप, कानावर पेन्सिल. हरिताचं तमिळ यथातथा, त्याचं इंग्रजी यथातथा, दोघं मिळून हातवारे. अम्मांसकट तिघं नव्या घरी गेली. सिमेंटचा वास, फरशी नाही, रिकामी खोली.

"मॅडम, ओव्हन इंगे? अंगे?" मणीने दोन्ही भिंती दाखवल्या.

हरिताने तोंड उघडायच्या आत अम्मा म्हणाल्या, "मागच्या खोलीत ठेव."

मागची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक दार, त्यापलीकडे लांबट खोली. भांडी घासायची, गॅसचं सिलिंडर ठेवायचं, वगैरे. तिला एक मोठी खिडकी, खिडकीतून कालवा आणि भाताची शेतं.

"मागं?" हरिता म्हणाली.

"होय की. तुज वेगळीच जागा होईल. तिकडे कोणी येणार नाही."

कोणी येणार नाही! अगं, हे तीन शब्द तिला झोंबले. नव्या घरातही बाहेरच. ड्रेसिंग टेबलावरून उठून सिलिंडरशेजारी. मणी आपला टेपची पट्टी आत-बाहेर करत उभा.

दोन दिवस घरात "जेव" आणि "जेवले" यापलीकडे बोलणं नाही. रघुरामचा फोन आला तेव्हा ती गच्चीत जाऊन रडली. तो म्हणाला, "हरिता, इथे इंजिनरूममध्ये बेचाळीस डिग्री आहे, तू मला ओव्हनचं काय सांगतेस! तुम्ही दोघी ठरवा ना." तुम्ही दोघी! नवऱ्यांना किती सोपं असतं बघ. फोन कट झाला, रेंज गेली, जहाज पुढे गेलं.

मग तिने ठरवलं, रडून होणार नाही, मुद्द्याने बोलायचं. आणि मुद्दे तिच्याकडे होते गं! दोन दिवस बसून सगळं वाचलंन्, मोजलंन्, कागदावर काढलंन्. तिसऱ्या दिवशी अम्मांना आणि मणीला घेऊन पुन्हा नव्या घरी. खडू घेतला आणि जमिनीवर रेघा मारायला सुरुवात.

"हे बघा अम्मा. ओव्हनच्या शेजारी दोन हात तरी ओटा पाहिजे. तापलेला ट्रे हातात असताना मी शोधत नाही बसणार कुठे ठेवू. मागच्या खोलीत आहे का ओटा? नाही. मोरी आहे. पाणी उडणार काचेवर. खिडकी पश्चिमेची, पाऊस आत येणार. आणि पीठ, साखर, फ्रिज सगळं पुढे. म्हणजे मी दिवसभर दारातून ये-जा, ये-जा. चौदा पावलं मोजली मी."

"होय की," अम्मा म्हणाल्या.

"आणि उंची! मणी, इकडे या." ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात कोपरात दुमडला. "इथे खूण करा. मोठ्या ओव्हनची जाळी माझ्या कोपराच्या उंचीलाच आली पाहिजे. वाकायला लागलं की पाठ गेली, वर असली की मनगट भाजतं. ज्याने रांधायचं त्याचं कोपर मोजायचं. हा नियमच आहे."

मणीने पेन्सिलने रेघ मारली आणि कौतुकाने मान डोलावली. तो म्हणाला, तीस वर्षं झाली, मी सगळीकडे चौतीस इंचांचाच ओटा करतो, कुणी कोपर दाखवलंच नाही. आता सगळ्यांचं कोपर मोजणार.

अम्मा खडूच्या रेघांच्या कडेने उभ्या होत्या. रेघेवर पाय पडणार नाही अशा. सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न.

"त्यात अंडं घालशील की?"

"नाही घालणार!" हरिता पटकन म्हणाली. "अम्मा, मी सगळं बिनअंड्याचं करीन. शप्पथ."

"नको गं." अम्मा हसल्या. "उगं कबूल करू नको. ती डॉक्टरीण मागंल, तू घालशील, मग मज सांगायचं की नको म्हणून तळमळशील. घाल की. तुझं काम ते."

"मग?"

"मग काय? तू सांगिटलीस ते अस्की बरोबर. तुज पायजे तिथं ठेव."

एवढं सोपं! हरिताला विश्वासच बसेना. तिने तिथल्या तिथे अम्मांना मिठी मारली, मणी लाजून बाहेर गेला. त्या दिवशी तिचा आनंद काय सांगू, रघुरामला सात मेसेज पाठवलेन्. "मी जिंकले" म्हणून. म्हणाली, उगीच घाबरत होते, नुसतं नीट सांगायचं होतं.

जिंकले. लक्षात ठेव हं हा शब्द.

पुढे तीन आठवडे मणीचं काम चाललं. पश्चिमेच्या भिंतीत उंच कपाट उभं राहिलं, मोठा ओव्हन कोपराच्या उंचीवर, छोटा त्याच्या वर. वेगळी वायर, वेगळा स्विच, मागे हवा खेळायला चार बोटं जागा, दार पूर्ण उघडलं तरी माणूस पुढून जाईल एवढा रस्ता. हरिता रोज फोटो मागवायची. मग एक दिवस मणीचा फोन. "मॅडम, एकदा येऊन ग्रॅनाइट बघून जा, मागच्या खोलीचा रंग काळा ठेवू की हिरवा?"

मागच्या खोलीत कसलं ग्रॅनाइट?

ती रिक्षा करून गेली. आणि दारातच थांबली. मागच्या खोलीत खिडकीखाली ओटा. नवा, बुटका. गॅसची नळी भिंतीतून आलेली. मोरी पार कोपऱ्यात सरकवलेली, खिडकीवर पावसासाठी छज्जा. देवाच्या तसबिरीपुरता एक कोनाडासुद्धा.

"हे कुणी सांगितलं?"

"अम्मांनी." मणीला वाटलं हिला माहीत असेल. "त्या आपल्या चार वेळा आल्या ना. टाउन बसने. मॅडम, तुमचाच नियम! अम्मांचं कोपर मोजलं मी. त्यावरून ओटा एकोणतीस इंच." आणि मग तो खुशीत येऊन सांगायला लागला, की काल ओट्याचा दगड नुसता ठेवला होता, अजून चिकटवलाही नव्हता, तर अम्मा आल्या, चपला काढल्या, ओट्यापुढे उभ्या राहिल्या. दोन्ही हात असे दगडावर ठेवले. दहा मिनिटं. वर काही नाही, भांडं नाही, काही नाही. मग म्हणाल्या, "मणी, पाट नको लागला रे."

हरिताच्या डोळ्यापुढे त्या टाचा आल्या.

कळलं तुला? हिने ओव्हन पुढच्या स्वयंपाकघरात घेतले, अंडी आत आली, मग तिथे मडी कशी राहणार? बाईने भांडण नाही केलं, रुसली नाही, नवऱ्याच्या आठवणीने डोळ्यांना पदर नाही लावला. तेव्हा भात उतरवला होता ना, तसंच, फक्त आता स्वतःच बाहेर पडली. झालं.

हरिता घरी आली ती तशीच, चपलांसकट हॉलमध्ये. अम्मा खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

"अम्मा, तुम्ही मागच्या खोलीत रांधणार?"

"होय की. खिडकी बघिटलीस? कालवा दिसतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगिटले असते तर तू ओव्हन हलिवले असतेस." शेंग सोलणं चालूच. "मग तुझा कोपर, तुझी चौदा पावलं, अस्की वाया."

"पण मला तुमच्याबरोबर राहायचं होतं!" हरिता ओरडलीच. "म्हणून तर भांडले मी! मला काय ती काच आणि तो ओटा! तुम्ही मागे पाठवलंत तेव्हा मला वाटलं, मी नको आहे तुम्हाला आत."

आता मात्र अम्मांचे हात थांबले. त्या बघतच राहिल्या तिच्याकडे. खरंच चकित होऊन.

"नको म्हणून?" त्या म्हणाल्या. "अगं, मी तुज चांगली खोली दिले. माझी सासू होती तेव्हा अकरा वर्षं मी अंगणात बसून पीठ वाटले. आत घेटलं नाही. मग घेटलं, तर तिच्या पाठीशी उभी राहिले, एकोणीस वर्षं. हे असं काप, ते तिकडे ठेव, मीठ जास्ती. मज नेहमी वाटायचं, एक खोली पायजे. खिडकीची. जिथं कोणी येणार नाही. ती तुज मिळू दे म्हणून सांगिटले."

हरिता खाली बसली. पुठ्ठ्यावर, अम्मांच्या समोर. शेंगांची टरफलं पायाखाली.

मग ती म्हणाली, "आणि मी ओव्हन परत पाठवले तर? ऑर्डरी बंद केल्या तर? मी सकाळी अंघोळ करून, सोवळ्यात, तुमच्याशेजारी उभी राहिले तर? चालेल?"

हा प्रश्न तिने खरा विचारला होता, हं. ती म्हणते, त्या क्षणी अम्मा "चालेल" म्हणाल्या असत्या ना, तर मी दोन्ही ओव्हन त्याच दिवशी परत केले असते.

अम्मांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "का नाही चालणार? तू येशील, उभी राहशील. मी सांगीन, असं काप. तू कापशील. एकोणीस वर्षं मी सासूच्या शेजारी उभी होते कण्णा, आम्ही दोघी काय बोललो ते विचार मज. काही आठवत नाही. मीठ, मिरची. एवढंच." मग शेंग उचलली. "शेजारी उभं राहिलं म्हणजे सोबत झाली असं नाही गं."

"मग सोबत कशी होते?"

"मज काय माहीत," अम्मा म्हणाल्या. "मज कधी झाली?"

आणि पुन्हा सोलायला लागल्या.

अगं, साठीची बाई, समोर बसून, इतक्या सहज. हरिताला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण संध्याकाळचा दिवा लावायचा होता, अम्मांची अंघोळ झालेली होती, शिवून चालेल का नाही या विचारात तिचा हात मधेच राहिला. अम्मा उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मणीचा फोन. काळा की हिरवा? आणि मग, अडखळत, "मॅडम, ओव्हन मागे न्यायचे असतील तर आजच सांगा. अजून होईल. बुटका ओटा इकडे पुढे आणतो, दोन दिवसांचं काम." त्याला बिचाऱ्याला कालचा तिचा चेहरा दिसला होता ना. त्याच्या परीने त्याने सगळं सुचवलं. म्हणजे बघ, सगळं तिच्या हातात होतं. ओव्हन मागे, अम्मा पुढे. किंवा ओव्हन पुढे, अम्मा मागे. किंवा ओव्हनच नाहीत, आणि दोघी शेजारी शेजारी, गप्प.

तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. आतून फोडणीचा आवाज येत होता. उंबऱ्यातून पाट दिसत होता, पाटावरच्या टाचा. अम्मा डब्यासाठी हात वर करत होत्या आणि टाचा उचलल्या जात होत्या.

"हिरवा," ती म्हणाली. "आहे तसंच राहू द्या. हिरवा लावा."

"आणि मधल्या चौकटीला दार बसवायचं, मॅडम? अम्मा म्हणतात लावा, अंड्याचा वास नको. तुम्ही काय म्हणता?"

"लावा," ती म्हणाली.

वास्तुशांत झाली. ओरत्तनाडहून अम्मांची चुलत नणंद आली, वासुकीआत्या, जाडजूड, आवाजाने घर भरणारी. नव्या घरात पहिलं दूध उतू घालायचं असतं ना, तर अम्मांनी हरिताला पुढे केलं. मोठ्या स्वयंपाकघरात, नव्या शेगडीवर, पितळी पातेलं. दूध पूर्वेला उतू गेलं आणि सगळ्यांनी आनंदाने कल्ला केला. वासुकीआत्या उंच कपाटाच्या काचेत स्वतःचा अंबाडा नीट करत म्हणाल्या, "राजम, हे काय गं, दोन टीव्ही लावलेस की भिंतीत?"

"टीव्ही नव्हे. माझ्या सुनेची भट्टी," अम्मा म्हणाल्या. इतक्या तोऱ्यात, की हरिताला वाटलं आता सगळं नीट होईल. खरंच वाटलं.

"आणि तू कुठं रांधणार?"

"माझं मागं आहे. माझ्या मापाचं."

"हं!" आत्यांनी भुवया उडवल्या. "म्हणजे सून आली आणि सासू मागं गेली. कलियुग!"

सगळे हसले. अम्मा सगळ्यांत जास्त हसल्या. आणि पाहुणे गेल्यावर, दुपारी तीनच्या उन्हात, एकेक डबा, एकेक पातेलं, वाटण्याचा दगड, सगळं स्वतः उचलून मागे नेलं. हरिता मदतीला गेली तर म्हणाल्या, "तू नको शिवू कण्णा. आज मडीची मांडणी आहे." पाट मात्र नेला नाही. तो पुढच्याच खोलीत राहिला, त्याचं काय करायचं ते कुणी ठरवलं नाही.

याला आता चार महिने झाले.

तिचं काम म्हणशील तर उत्तम चाललंय. ओव्हन अप्रतिम, पाठ दुखत नाही, मनगट भाजत नाही, ट्रे ठेवायला हात पुरेल तिथे ओटा. मणी गिऱ्हाइकांना आणून दाखवतो, "हे बघा, कोपराच्या मापाचं." दहाला मधलं दार उघडतं, अम्मा म्हणतात, "ये गं कण्णा, जेव." दुपारी हरिता बन देते, त्या म्हणतात, "फार मऊ गं." अगदी पूर्वीसारखं. भांडण नाही, तंटा नाही. परवा अम्मांनी बंद दाराआडून विचारलंन्, "करंट गेला की? तुझा केक?" आणि हिने ओरडून सांगितलं, "नाही अम्मा, झाला!" आणि मग दोघी पुढचं वाक्य शोधत बसल्या बहुतेक, कारण पुढे काही आलं नाही.

पण मला तिने एक सांगितलं, आणि ते कुणाला सांगू नकोस. सकाळी सहाला, ओव्हन लावायच्या आधी, ती कॉफी घेते आणि त्या बंद दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसते. रोज. पलीकडे अम्मांचं चालू असतं. आता तिला आवाजावरून कळतं, डाळ केव्हा घातली, मोहरी केव्हा, तव्यावर काय आहे. आणि अम्मा बोलतात म्हणे. स्वतःशीच, पण पूर्वीसारखं पुटपुटणं नाही, चांगलं मोठ्याने. वासुकीच्या अंबाड्याबद्दल, कालव्यात पाणी सोडलं त्याबद्दल, रघुराम लहान असताना कालव्यात पडला होता त्याबद्दल. मधेच हसतात. हरिताने लग्नानंतर त्यांचं इतकं बोलणं कधी ऐकलेलं नाही. आणि अम्मांना माहीत नाही ती दाराशी बसलेली असते. निदान तिला तरी वाटतं, माहीत नाही.

एकदा ती दाराला टकटक करणार होती. हात उचललाही. मग वाटलं, केलं तर त्या गप्प होतील. मीठ, मिरची. आणि नाही केलं तर ही अशीच इकडे, त्या तिकडे, मधे इंचभर लाकूड. आणि रघुराम पुढच्या महिन्यात येतोय, तो येणार आणि विचारणार, कसं झालं मग स्वयंपाकघर, कोण जिंकलं?

मी तिला काही सांगू शकले नाही गं. फोनवर नुसती "हं, हं" करत राहिले. म्हणून तुला विचारतेय. खरं सांग. तू असतीस, तर मणीला काय सांगितलं असतंस? आणि आता, रोज सकाळी सहाला, त्या दाराशी बसून, तू काय केलं असतंस?